टायटॅनिया नॅनोट्यूब: बँड गॅप २.६ ईव्ही येतोय, आणि स्पेक्ट्रममध्ये लाटा कसल्या?

फॉईलवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, शेवटचं सत्र. प्रोजेक्ट टायटॅनियम डायऑक्साइडच्या (म्हणजे टायटॅनियाच्या) नॅनोट्यूबवर, अगदी बारीक नळ्यांवर आहे. नळ्या झाल्यात, फोटोही छान आलेत, पण प्रकाशीय मोजणीपाशी अडलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

काय केलं ते आधी सांगतो. पाव मिलिमीटर जाडीची टायटॅनियम फॉईल अ‍ॅसिटोन, इथेनॉल आणि डिस्टिल्ड पाण्यात सोनिकेट करून घेतली. इलेक्ट्रोलाइट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, त्यात वजनाने ०.३ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि आकारमानाने २ टक्के पाणी. प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून समोर ग्रॅफाइटची पट्टी. ३० व्होल्ट, अर्धा तास. करंट सुरुवातीला धाडकन पडला, मग थोडा चढला आणि मग सपाट झाला. नंतर इथेनॉलने धुऊन हवेतच ४५० अंशांना दोन तास भट्टीत. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) २५.३ अंशांपाशी अ‍ॅनाटेजचं, म्हणजे टायटॅनियाच्या एका स्फटिकरूपाचं, शिखर आहे, बाकीची शिखरं खालच्या टायटॅनियमची. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) नळ्यांची तोंडं साधारण ६५ नॅनोमीटर. फॉईल वाकवून तडा गेलेल्या कडेवर लांबी मोजली, ती १.२ मायक्रोमीटरच्या आसपास भरली.

आता गोंधळ. डिफ्यूज रिफ्लेक्टन्सचं (विखुरलेलं परावर्तन मोजायचं) उपकरण आमच्याकडे नाही, बाहेर पैसे भरून करून घेतलं. फाईल आली तीत ४०० नॅनोमीटरच्या खाली परावर्तन पडतं, ते ठीक. पण त्याच्या वर सपाट रेष यायला हवी तिथे लाटा आहेत. ५०० च्या पुढची शिखरं ५१८, ५७३, ६४६ आणि ७४६ ला, मध्ये दऱ्या. कुबेल्का-मुंक सूत्राने परावर्तनावरून शोषण काढलं आणि त्याचा टॉक आलेख काढला, अप्रत्यक्ष गॅप धरून. (याच आलेखावरून बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, वाचतात.) सरळ भाग खाली वाढवला तर उत्तर २.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट).

सर खूश आहेत. म्हणाले, फ्लोराइडमधून फ्लोरिन आत गेलंय, डोपिंग (हवी तशी भेसळ) झालं, हे दृश्य प्रकाशात चालणारं मटेरियल आहे, पेपर होईल. एक सिनियर म्हणतो की नळ्या नॅनो आहेत म्हणून क्वांटम परिणाम. नमुना डोळ्यांनाही रंगीत दिसतो, एका बाजूने हिरवट, दुसऱ्या बाजूने जांभळट. पण सगळीकडे अ‍ॅनाटेजचा गॅप ३.२ लिहिलेला असतो. खरं काय समजू? आणि लाटा कसल्या?

गंधकाम्ल

सिनियरला एवढंच सांग की क्वांटम परिणामाने गॅप वाढतो, कमी होत नाही. शिवाय तो दिसायला भिंत एक-दोन नॅनोमीटरच्या घरात लागते. तुझ्या भिंती दहा-पंधरा तरी असतील. तोंड ६५ चं आहे का ६०० चं, याचा इथे संबंध नाही, भिंतीची जाडी महत्त्वाची.

लाटांचं मला सांगता येणार नाही, मी रसायनवाला. थरावरथर ताई येतील बघ, त्यांचा प्रांत आहे हा.

आणि एक. अमोनियम फ्लोराइड काचेच्या बीकरमध्ये घेतलं नसशील अशी आशा आहे. टेफ्लॉन किंवा पॉलिप्रोपिलीन वापर. हातमोजे तर हवेतच, आणि प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आहे का ते आजच बघून ठेव. फ्लोराइड कातडीतून आत जातं आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

थरावरथर

आले. जेवताना वाचत होते, ताट बाजूला ठेवलं.

मी पुण्यात चष्म्याच्या काचांवर थर चढवण्याच्या कामात आहे. निर्वात भट्टीत एक थर टायटॅनियम डायऑक्साइडचा, एक सिलिकाचा, पुन्हा टायटॅनियम डायऑक्साइडचा, असं दिवसभर चालतं. त्यामुळे असा लाटांचा स्पेक्ट्रम दिसला की मी आधी जाडी विचारते, रसायन नंतर. तू जाडी सांगितलीस हे फार बरं केलंस. १.२ मायक्रोमीटर. धरून चल.

तुझ्या लाटा म्हणजे व्यतिकरण. प्रकाशाचा एक भाग नळ्यांच्या तोंडावरून परततो, दुसरा खाली टायटॅनियमच्या चकचकीत पाठीवर आपटून परततो, आणि दोघांची वाटेतली लांबी वेगळी असते. एका तरंगलांबीला ते एकमेकांना जोर देतात, पुढच्या एकीला मारून टाकतात. नियम सोपा: अपवर्तनांक गुणिले जाडीची दुप्पट ही तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसली की शिखर. दोन्ही पृष्ठभागांवर परत फिरताना लाट जवळपास सारखीच उलटते असं ढोबळ मानलंय, इथे तेवढं चालतं.

आता तुझीच शिखरं घेऊ. कितवी पट आहे हे माहीत नाही, म्हणून आकडे टाकून बघायचं. ७४६ ला ६ ने गुण, ६४६ ला ७ ने, ५७३ ला ८ ने, ५१८ ला ९ ने. येतात ४४७६, ४५२२, ४५८४, ४६६२. हळूहळू चढणारी माळ. ७ पासून सुरू केलंस तर ५२२२, ५१६८, ५१५७, ५१८० अशी आधी घसरते, आणि पारदर्शक ऑक्साइडचा अपवर्तनांक निळ्याकडे जाताना घसरत नाही, वाढतो. म्हणून ७ बाद. ५ पासून केलंस तर ३७३० वरून ४१४४, म्हणजे अकरा टक्क्यांची चढण, ती फार झाली. ६ च बसतो. ४४७६ ला दोनदा १२०० ने, म्हणजे २४०० ने भागलं की अपवर्तनांक १.८७, निळ्या टोकाला १.९४.

सलग अ‍ॅनाटेजचा असतो २.५ च्या आसपास. तुझा कमी का? कारण तुझ्या थरात हवा आहे. अपवर्तनांकाच्या वर्गाची साधी सरासरी धरली तर जवळपास निम्मा ऑक्साइड, निम्मी पोकळी. ब्रुगेमनचं मिश्रणाचं सूत्र लावलंस तर ऑक्साइड साठ टक्क्यांच्या जवळ जाईल. एसईएमच्या वरून घेतलेल्या फोटोत भोकांचं क्षेत्रफळ मोज आणि ताडून बघ. पोकळीचा आकडा तुला स्पेक्ट्रममधून फुकट मिळालाय, लोक तो दुसऱ्या उपकरणावर पैसे भरून काढतात.

आता माळ पुढे ने. दहावी पट साधारण ४७५० वर जायला हवी, म्हणजे एक शिखर ४७५ नॅनोमीटरपाशी असणार. ते तू लिहिलेलं नाहीस, कारण तू ५०० च्या पुढचीच सांगितलीस. फाईल उघडून बघ. आणि ईव्हीवरून नॅनोमीटर काढायला १२४० ला २.६ ने भाग. ४७७.

कळलं का, तुझा २.६ कुठून आला?

कुबेल्का-मुंकचं सूत्र जाड, अपारदर्शक, सगळीकडे प्रकाश विखरून टाकणाऱ्या भुकटीसाठी आहे. त्याला वाटतं की परावर्तन कमी म्हणजे शोषण जास्त. तुझ्याकडे आहे धातूच्या आरशावरचा पारदर्शक थर. तिथे ४७५ च्या शिखरावरून निळ्याकडच्या दरीत उतरताना परावर्तन कमी होतं, सूत्र म्हणतं शोषण वाढलं, टॉक आलेखात छान चढण दिसते, आणि त्या चढणीवर पट्टी ठेवली की ती खाली अक्षाला २.६ वर भेटते. संगणकाने काही चूक केली नाही. त्याला विचारलं ते त्याने सांगितलं.

फ्लोरिनचं म्हणशील तर त्याच्या पातळ्या व्हॅलन्स बँडच्या (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पट्ट्याच्या) माथ्याच्या बऱ्याच खाली पडतात, त्यामुळे नुसत्या फ्लोरिनने गॅप असा ०.६ ईव्हीने आखडत नाही. ४५० अंशांना भाजल्यावर बरंचसं फ्लोरिन निघूनही जातं.

माझा शब्द मानायचं कारण नाही, दोन गोष्टी करून बघ. एक, नळ्यांत ग्लायकॉल भर. तुझ्याकडे आहेच, आणि इथेनॉलसारखं उडून जात नाही. थेंब टाक, वरून क्वार्ट्झची पातळ चकती ठेव, कडा नीट पुस. इंटिग्रेटिंग स्फिअरच्या (उपकरणातल्या पोकळ गोळ्याच्या) आतल्या पांढऱ्या लेपाला द्रव लागला तर उपकरणवाले तुला परत दारात उभं करणार नाहीत. हवेच्या जागी ग्लायकॉल आलं की थराचा अपवर्तनांक २ च्या जरा वर जाईल आणि ६४६ चं शिखर ६९० च्या आसपास सरकेल. डोपिंगची पातळी ग्लायकॉल ओतल्याने सरकत नसते. दुसरं, नमुना तिरका धरून बघ. शिखरं निळ्याकडे सरकतील. हे तर तू केलेलंच आहेस, हिरवट आणि जांभळट म्हणालास ना.

टेफ्लॉनची_बाटली

ताईंच्या हिशोबाला माझं अनुमोदन. मला संश्लेषणाबद्दल थोडं जोडायचंय, कारण 'टायटॅनिया नॅनोट्यूब' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू फिरतात आणि विद्यार्थी दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात भरतात.

एक वाट हायड्रोथर्मल, म्हणजे गरम द्रवात शिजवायची. १९९८ मध्ये जपानच्या कासुगा आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियाची पूड १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ११० अंशांना शिजवली आणि धुतल्यावर नळ्या मिळाल्या. बाहेरून ८ ते १० नॅनोमीटरच्या, दोन्ही टोकं उघडी, भुकटीच्या रूपात. मी हेच करतो, टेफ्लॉनचं भांडं आणि स्टीलचा ऑटोक्लेव्ह, बास. आधी लोक या नळ्यांना अ‍ॅनाटेज म्हणत, नंतर लक्षात आलं की त्या टायटॅनेटच्या आहेत, म्हणजे गुंडाळलेल्या पापुद्र्यांच्या. त्यात सोडियम अडकून बसतं, आम्लाने धुऊन काढावं लागतं. त्यांचा गॅप ३.२ च्या वर मोजला जातो, आणि तिथे पातळ भिंतीचा मुद्दा काढला तर तो निदान ऐकून घेण्यासारखा असतो.

दुसरी वाट तुझी, द्रवात वीज सोडून धातूवर ऑक्साइड वाढवायची, म्हणजे अ‍ॅनोडायझिंग. १९९९ मध्ये झ्विलिंग आणि सहकाऱ्यांनी फ्लोराइड असलेल्या क्रोमिक आम्लात टायटॅनियमवर सच्छिद्र थर दाखवला. २००१ मध्ये अमेरिकेत ग्राइम्स यांच्या गटाने पाण्यातल्या हायड्रोफ्लोरिक आम्लात शिस्तीत उभ्या नळ्या वाढवल्या. पण त्या अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास अडायच्या, कारण आम्ल वरून खात जायचं. मग जर्मनीत एर्लांगेनच्या श्मुकी यांच्या गटाने ग्लिसरॉलसारखे घट्ट द्रव वापरून गुळगुळीत भिंती मिळवल्या, आणि ग्लायकॉल आल्यावर लांबी शंभर मायक्रोमीटरच्या पुढे गेली. पाणी कमी तर विरघळणं कमी, एवढं त्यातलं मर्म. व्होल्ट वाढवले की व्यास वाढतो, वेळ वाढवला की लांबी. फार वेळ ठेवलंस तर वरची टोकं झिजून गवतासारखी आडवी पडतात.

गंधकाम्ल

पाण्यावरून आठवलं. फॉईलवाल्या, तू कोकणातला दिसतोस. जून ते सप्टेंबर तुझं २ टक्के पाणी २ टक्के राहत नाही. ग्लायकॉल आणि अमोनियम फ्लोराइड दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. पाणी वाढलं की भिंतींवर कड्या उमटतात आणि लांबी बदलते. अमोनियम फ्लोराइड वापरायच्या आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेव, ग्लायकॉलची बाटली उघडी सोडू नकोस. आणि अर्धा तास चालू असताना वीज गेली तर तो नमुना सरळ टाकून दे. करंट तुटून परत सुरू झाला की नळीवर आडवा सांधा येतो, मग ताईंच्या हिशोबात एकाऐवजी दोन थर होतील.

फॉईलवाला

सर्वांचे आभार. रत्नागिरी जिल्ह्यातलाच आहे. आमच्या किनाऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज) आहे, म्हणजे टायटॅनियम पायाखालीच, आणि फॉईल मात्र मागवावी लागते, असो.

ताई, फाईल उघडली. ४७४ ला शिखर आहे. लहान आहे, मी खडबडीतपणा समजून सोडलं होतं. ग्लायकॉलचंही करून आणलं, उपकरणवाल्यांनी आधी नाकं मुरडली, पण चकती बघून तयार झाले. ६४६ चं शिखर ६८८ वर गेलं. बाकीचीही सरकली. लाटा उथळ झाल्या, ते का?

आणि आता खरा बँड गॅप कसा काढू? प्रोजेक्टमध्ये तो आकडा द्यावाच लागतो. सरांना काय सांगू हा वेगळा प्रश्न.

थरावरथर

६८८! शाब्बास.

उथळ होणारच. वरच्या तोंडावरून परतणारा प्रकाश हवा आणि थर यांच्यातल्या फरकावर चालतो. हवेच्या जागी ग्लायकॉल आलं, फरक घटला, वरचं परावर्तन दुबळं झालं. एक जोडीदार दमला की व्यतिकरणही दमतं.

गॅपसाठी तीन मार्ग आहेत, तुझ्या खिशाप्रमाणे निवड. सगळ्यात स्वस्त म्हणजे त्याच द्रवात बराच जास्त वेळ देऊन जाड थर वाढव, भाज, आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून भुकटी काढ. ती बेरियम सल्फेटमध्ये मिसळ आणि शुद्ध बेरियम सल्फेट संदर्भ म्हणून घे. आता तुझ्याकडे खरंच विखुरणारी भुकटी आहे, आता कुबेल्का-मुंक लावायला हरकत नाही. खरवडताना धातूचे कण आले तर सगळं राखाडी होईल, तेवढं बघ. दुसरा मार्ग, काचेवर टायटॅनियमचा थर बसवून तो पूर्ण अ‍ॅनोडाइझ करायचा, म्हणजे आरपार प्रकाश मोजता येतो. त्याला स्पटरिंग (निर्वातात धातूचा थर चढवायची सोय) लागतं, तुमच्याकडे असेल तर उत्तम. लाटा तिथेही येतील, पण पारगमन आणि परावर्तन दोन्ही मोजलेस तर शोषण वेगळं काढता येतं. तिसरा, फॉईल आहे तशीच ठेवून प्रकाशकरंट, म्हणजे प्रकाश पडल्यावर उठणारा करंट, मोजायचा. तो मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात लाटांना फसवायला फारशी जागा नाही.

टॉक आलेख काढशील तेव्हा खालची तिरपी शेपटीही दाखव आणि तिच्यावर वेगळी रेष ओढ. दोन रेषा जिथे भेटतात तिथला आकडा घे, सरळ अक्षाला जाऊ नकोस. अप्रत्यक्ष धरून वर्गमूळ घेतलंस हे लिही. लोक अ‍ॅनाटेजला प्रत्यक्ष धरून वर्ग घेतात, आकडा मोठा येतो आणि त्याखाली 'क्वांटम' लिहून मोकळे होतात. कोणता घातांक घेतला हे न लिहिलेला गॅप मी तरी वाचत नाही.

सरांना सांगू नकोस, दाखव. कोरड्या आणि ओल्या नमुन्याचे दोन स्पेक्ट्रम एकाच कागदावर, वेगवेगळ्या रंगांत. ते भौतिकशास्त्राचे आहेत, स्वतःच म्हणतील.

टेफ्लॉनची_बाटली

प्रकाशकरंटबद्दल: बाजारात ३६५ आणि ४५० नॅनोमीटरच्या एलईडी मिळतात. अर्धा मोलर सोडियम सल्फेट, तुझीच फॉईल, समोर ग्रॅफाइट, जमल्यास सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ. एलईडी चालू-बंद करत करंट नोंदव. २.६ खरा असता तर ४५० ला, म्हणजे २.७६ ईव्हीला, करंट उठायला हवा. ३६५ ला उड्या आणि ४५० ला जवळपास शांतता आली तर विषय संपला. थोडी हालचाल दिसेलही, ग्लायकॉलमधला कार्बन नीट जळला नसेल तर भिंतीत उरतो. नमुना तपकिरी छटा मारत असेल तर भट्टीत हवा खेळती नव्हती असं समज.

सर मेथिलीन ब्लू करायला सांगतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. त्यावर दृश्य प्रकाशाचा दावा उभा करू नकोस. तो रंग स्वतः ६६४ नॅनोमीटरला प्रकाश खातो आणि इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन स्वतःच फिका पडतो. उत्प्रेरकाचा गॅप ३.२ असला तरी बाटलीतला रंग उडालेला दिसतो.

फॉईलवाला

एलईडीचं झालं. ३६५ ला चालू केलं की करंट लगेच उठतो, बंद केलं की पडतो. ४५० ला मल्टिमीटरच्या शेवटच्या आकड्यात चुळबूळ, तेवढंच. खरवडलेल्या भुकटीचा टॉक ३.२ च्या जवळ आला, दोन रेषांच्या पद्धतीने.

सरांना कोरडा-ओला कागद दिला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, 'अपवर्तनांकाचं प्रकरण वाढव.' पेपरचं काही बोलले नाहीत.

शेवटची शंका. तक्त्यात लांबी कोणती लिहू? एसईएमची १.२, का स्पेक्ट्रममधून निघणारी?

थरावरथर

स्पेक्ट्रममधून लांबी निघालेली नाही. निघालाय तो लांबी आणि अपवर्तनांक यांचा गुणाकार, आणि त्यातला एक आकडा तू एसईएमवरून भरलास. तेव्हा लांबी एसईएमची लिही, अपवर्तनांक १.८७ ते १.९४ लिही, आणि कोणत्या तरंगलांबीला कोणता ते शेजारच्या रकान्यात. कडेवरच्या फोटोत नमुना किती अंश कलता होता तेही बघ. कललेल्या फोटोत लांबी आखूड दिसते, आणि ती सुधारली नसेल तर अपवर्तनांक तेवढाच फुगतो.

प्रकरण वाढवायचंय ना? मग त्याच द्रवातून वेगवेगळ्या वेळेचे नमुने काढ, फार लांब नको, लाटा दिसल्या पाहिजेत. प्रत्येकाची गुणाकाराची माळ काढ आणि एसईएमच्या लांबीसमोर मांड. बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसले तर तिचा उतारच अपवर्तनांक देईल आणि एका फोटोवर विसंबायला नको. रेष शून्याच्या वरून गेली तर नळ्यांच्या तळाशी जो सलग ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो तुझ्या लांबीत मोजायचा राहिलाय.